जुने चावीचे घड्याळ घरी वेळेवर आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान जुन्या मनगटी घड्याळांसाठी आहे, चावीच्या आणि ऑटोमॅटिक दोन्ही. सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे यात नाहीत. घड्याळ सुटे करणे, धुणे, तेलपाणी करणे हेही इथे नाही. चालते घड्याळ वेळेच्या जवळ कसे आणायचे आणि कुठे हात आवरायचा, एवढाच विषय.

घड्याळ रोज मिनिटभर पुढे जाते. झाकण उघडून रेग्युलेटर (वेग कमी-जास्त करणारी बारीक दांडी) सरकवला की झाले ना?

कदाचित होईलही. पण आधी आठवडाभर झाकण बंद ठेवा आणि वही काढा. रोज ठरलेल्या वेळी पूर्ण चावी द्या, फोनवरच्या वेळेशी घड्याळ ताडून पाहा आणि कालपासून किती सेकंदांचा फरक पडला ते लिहा. काटे मात्र मध्येच जुळवू नका.

आकडे ५५, ६०, ५८, ६२ असे आले तर घड्याळाची तब्येत ठीक आहे. वेग तेवढा चुकीच्या ठिकाणी लावलेला आहे आणि तो घरी सुधारता येतो. एक दिवस ५५ सेकंद पुढे, दुसऱ्या दिवशी २० मागे, तिसऱ्या दिवशी दोन मिनिटे पुढे असे होत असेल तर रेग्युलेटरला हात लावण्यात अर्थ नाही. रेग्युलेटर सरासरी बदलतो, लहरीपणा बदलत नाही. लहरीपणाची कारणे वेगळी असतात: वाळलेले तेल, चुंबकत्व, आसांची झिजलेली टोके, वाकलेली हेअरस्प्रिंग (झोके घेणाऱ्या चाकाची केसासारखी बारीक स्प्रिंग).

जुने घड्याळ किती चुकते यापेक्षा ते रोज सारखेच चुकते का, हे मी आधी पाहतो. खालची बहुतेक उत्तरे याच धाग्यावर आहेत.

जुन्या घड्याळाकडून किती अचूकपणाची अपेक्षा ठेवावी?

दिवसात ८६,४०० सेकंद असतात. दिवसाला ३० सेकंद चुकणारे घड्याळसुद्धा ०.०३५ टक्क्यांच्या आसपासच चुकत असते, हे आधी लक्षात घ्या म्हणजे राग थोडा उतरेल.

स्वित्झर्लंडमधली सीओएससी ही संस्था क्रोनोमीटरचे, म्हणजे अतिअचूक घड्याळाचे, प्रमाणपत्र देताना मूव्हमेंट, म्हणजे घड्याळाचे आतले यंत्र, १५ दिवस, ५ स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस तापमानांना तपासते. नेहमीच्या आकाराच्या मूव्हमेंटची सरासरी चाल दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे यांच्या आत असावी लागते. हा झाला नव्या, निवडक यंत्रांचा मापदंड. पन्नास-साठ वर्षांचे, पण नीट सर्व्हिसिंग झालेले ज्युएल लिव्हर (घर्षणाच्या जागी रत्नाचे खडे बसवलेले) घड्याळ १० ते २० सेकंदांत राहिले तर मी समाधानी असतो. ज्युएलऐवजी धातूच्या पिना असलेल्या स्वस्त पिन लिव्हर घड्याळाने मिनिटभराच्या आत राहावे, त्याहून जास्त त्याच्याकडून मागू नये.

टाइमग्राफर घ्यायलाच हवा का? फोनवरचे अ‍ॅप चालेल?

फक्त वेग लावायचा असेल तर वही आणि संयम पुरतो. वेळ मात्र लागतो, कारण प्रत्येक बदलानंतर एक अख्खा दिवस थांबावे लागते.

टाइमग्राफर घड्याळाची टिकटिक मायक्रोफोनने ऐकतो आणि अर्ध्या मिनिटात निदान करतो. अ‍ॅपही तेच करते, पण फोनचा मायक्रोफोन जुन्या घड्याळाचा दबका आवाज नीट पकडेलच असे नाही. शांत खोली, पट्टा सोडलेले घड्याळ, मायक्रोफोनला टेकवलेली चावी (कडेची फिरवायची खुंटी) असे असेल तर वेगाचा आकडा बऱ्यापैकी विश्वासाचा येतो. झोक्याच्या (आतले चाक किती फिरते त्याच्या) आकड्यावर मात्र अ‍ॅपच्या भरवशाने निर्णय घेऊ नका.

टाइमग्राफरवरचे आकडे कसे वाचायचे?

आधी यंत्राला दोन गोष्टी बरोबर सांगाव्या लागतात. पहिली, तासाला किती ठोके. बऱ्याच जुन्या घड्याळांत ते १८,००० असतात, म्हणजे सेकंदाला ५. नंतरच्या काळात १९,८००, २१,६०० आणि २८,८०० आले. काही वेगवान घड्याळे ३६,००० ठोक्यांचीही आहेत. यंत्र हे बहुधा स्वतःच ओळखते, पण आवाज अस्पष्ट असेल तर फसते. दुसरी गोष्ट लिफ्ट अँगल, म्हणजे प्रत्येक ठोक्याला लिव्हरच्या (चाकाला ढकलणाऱ्या छोट्या दांडीच्या) संपर्कात असताना झोके घेणारे बॅलन्स व्हील जेवढे फिरते तो कोन. तो प्रत्येक मूव्हमेंटचा वेगळा असतो आणि यंत्रावर सहसा ५२ अंश लावलेला असतो. तो चुकला तर वेगाचा आकडा बिघडत नाही, झोक्याचा मात्र बिघडतो. खरा कोन ४४ असताना ५२ लावून ठेवला तर झोका आहे त्यापेक्षा दणदणीत दिसतो आणि आजारी घड्याळ धडधाकट वाटते. मूव्हमेंटवरचा कॅलिबर (मॉडेल) क्रमांक वाचून त्याचा कोन शोधून काढावा.

आता तीन आकडे. वेग म्हणजे दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे.

झोका, म्हणजे अ‍ॅम्प्लिट्यूड. बॅलन्स व्हील मधल्या जागेपासून एका बाजूला किती अंश फिरते ते हा आकडा सांगतो. पूर्ण चावी दिलेले, डायल वर करून ठेवलेले चांगले घड्याळ २७० ते ३०० दाखवते. जुन्या घड्याळात २४० ते २६० दिसले तरी मी कुरकुर करत नाही. उभे धरल्यावर २०-४० अंश कमी होणे स्वाभाविक आहे. पूर्ण चावीवर आणि आडव्या स्थितीतही २०० च्या खाली असेल तर थांबा, त्या घड्याळाला सर्व्हिसिंग हवे. उलट ३३० च्या पुढे गेले तर बॅलन्सची पिन फिरून लिव्हरच्या मागच्या बाजूवर आपटते आणि घड्याळ एकदम सुसाट पुढे पळते. गरजेपेक्षा जोरदार मेनस्प्रिंग (चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग) बसवली की असे होते.

तिसरा आकडा बीट एररचा, मिलिसेकंदांत. ‘टिक’ आणि ‘टक’ यांच्यातले अंतर सारखे आहे का, हे तो सांगतो. जुन्या घड्याळात १ मिलिसेकंदाच्या आत असेल तर सोडून द्या. ३-४ असेल तर घड्याळ थांबल्यावर चावी देऊनही चटकन सुरू होत नाही, जरा हलवावे लागते.

पडद्यावरच्या रेषा चढत असतील तर घड्याळ पुढे जाते आहे, उतरत असतील तर मागे पडते आहे. दोन समांतर रेषांमधले अंतर म्हणजे बीट एरर. रेषाच न दिसता नुसते ठिपके विखुरलेले असतील तर बाकीचे आकडे वाचण्यातही अर्थ नाही.

कालपर्यंत ठीक होते. आज अचानक तासाला काही मिनिटे पुढे पळते आहे.

रेग्युलेटर आपणहून इतका सरकत नाही. हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटली की स्प्रिंगची कामाची लांबी घटते आणि घड्याळ धावू लागते. याला बहुतेक वेळा चुंबकत्व कारणीभूत असते. फोनचे स्पीकर, टॅबलेटची आवरणे, पिशवीची चुंबकी बटणे यांत ते असते. जुन्या निळसर पोलादी हेअरस्प्रिंगला ते लवकर लागते.

तपासायला साधे होकायंत्र पुरते. चालते घड्याळ त्याच्याजवळ हळूहळू फिरवा. सुई घड्याळाकडे ओढली गेली किंवा थरथरू लागली तर निदान झाले. उपाय म्हणजे डीमॅग्नेटायझर. घड्याळ त्यावर धरून बटण दाबा आणि बटण दाबलेले ठेवूनच घड्याळ सरळ रेषेत हळूहळू हातभर दूर न्या. पुरेसे लांब गेल्यावरच बटण सोडा. जवळ असतानाच सोडले तर उलट जास्त चुंबकत्व बसते.

घड्याळ पडल्यानंतर असे झाले असेल तर वेटोळे रेग्युलेटरच्या पिनेत किंवा स्टडवर (हेअरस्प्रिंगचे टोक पक्के केलेल्या जागी) अडकलेले असण्याची शक्यता मोठी. ते सोडवणे घरचे काम नाही.

पाठचे झाकण उघडायचे कसे?

आधी झाकणाचा प्रकार ओळखा. कडेला बारीकशी खाच किंवा ओठ दिसला तर ते दाबून बसवलेले आहे. खाचेत बोथट पात्याची चाकू घालून ती पिळा, आत ढकलू नका. गोलाईवर चौकोनी खाचा असतील तर झाकण आट्यांचे आहे. ते रबरी चिकट चेंडूने निघाले तर उत्तम, नाहीतर योग्य मापाची किल्ली वापरा. कात्री, करकटक असली हत्यारे घसरतात आणि झाकणावर कायमचा ओरखडा ठेवून जातात. कुठेच काही दिसत नसेल तर घड्याळ काचेच्या बाजूने उघडणारे असू शकते. त्याच्या वाटेला जाऊ नका.

दाबून बसवलेल्या झाकणाला चावीच्या दांड्यासाठी खाच असते. बंद करताना ती जुळवायची, आणि काचेवर भार न येऊ देता दाबायचे. उघडल्यावर जुने रबर कडक झालेले किंवा विरघळून चिकट झालेले दिसेल. झाकणावर पाण्यापासून संरक्षणाचे काहीही लिहिलेले असो, ते आता गृहीत धरू नका.

एक इशारा मात्र गांभीर्याने घ्या. साधारण १९६० च्या दशकापर्यंत अंधारात चमकणाऱ्या डायलवर आणि काट्यांवर रेडियम वापरत. रेडियम-२२६ चे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे आहे. चमक गेली म्हणजे त्यातले झिंक सल्फाइड संपले, रेडियम जसेच्या तसे आहे. अशी डायल उघडी करणे, रंग खरवडणे, भुकटी फुंकणे पूर्णपणे टाळा, आणि अशा घड्याळाचे झाकण उघडण्याचे कामही माहीतगाराकडेच सोपवा. नंतरच्या डायलवर सहाच्या आकड्याखाली इंग्रजी टी अक्षर दिसते. ते ट्रिटियमचे. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे, त्यामुळे ते आता बरेच निवलेले असते.

रेग्युलेटर नक्की कुठे असतो आणि किती सरकवायचा?

झाकण उघडल्यावर जे चाक डावी-उजवीकडे झोके घेताना दिसते ते बॅलन्स व्हील. त्याच्यावरच्या पुलावर मधोमध ज्युएल असते आणि त्याभोवती एक बारीक दांडी. दांडीच्या टोकाशी खुणा असतात आणि अधिक-उणे चिन्हे, किंवा एफ आणि एस, किंवा फ्रेंच पद्धतीचे ए आणि आर. अधिक, एफ आणि ए म्हणजे जलद. उणे, एस आणि आर म्हणजे मंद.

थांबा, दांड्या दोन असू शकतात. एकीला दोन इवल्या पिना किंवा फट असते, आणि हेअरस्प्रिंगचा बाहेरचा वेढा त्यातून मोकळा जातो. हा रेग्युलेटर. दुसऱ्या दांडीत हेअरस्प्रिंगचे टोक पक्के अडकवलेले असते, तो स्टड. वेगासाठी पहिलीच हलवायची. चुकून दुसरी हलली तर बीट एरर बदलतो, वेगही बदलतो, आणि मूळ जागा कुठे होती ते आठवत बसावे लागते. म्हणून झाकण उघडताच पहिले काम म्हणजे फोनवर जवळून स्वच्छ फोटो काढणे.

आता कृती. प्रकाश भरपूर हवा आणि डोळ्याला भिंग हवे. दोन्ही मनगटे टेबलावर टेकवा. हातात टोक केलेली लाकडी काडी घ्या, पोलादी पेचकस नको, कारण तो घसरला तर सरळ हेअरस्प्रिंगमध्ये जातो. दांडीला बाहेरच्या बाजूने, हेअरस्प्रिंगपासून दूर सारणारा हलका दाब द्या, खाली मात्र दाबू नका. हालचाल दिसली न दिसली एवढीच असावी. एका खुणेच्या अंशभर सरकण्यानेही दिवसाला अर्ध्या मिनिटाचा फरक सहज पडतो. दांडी घट्ट बसलेली असली तर ती आधी हलतच नाही आणि मग एकदम उडी मारते. अशा वेळी उलट दिशेने थोडे मागे आणून पुन्हा पुढे नेले तर ती नीट ऐकते.

काही घड्याळांत दांडीला हंसाच्या मानेसारखी वळलेली स्प्रिंग आणि बारीक स्क्रू असतो. तिथे दांडी हाताने न ढकलता स्क्रू फिरवायचा. फारच आरामाचे काम.

सरकवल्यानंतर टाइमग्राफरवर लगेच आलेला आकडा अंतिम मानू नका. काही मिनिटे चालू द्या, पुन्हा मोजा, मग झाकण लावून एक पूर्ण दिवस हातावर वापरा. मी ५ ते १० सेकंद पुढेच ठेवतो, शून्याच्या मागे लागत नाही. पुढे गेलेले घड्याळ क्षणभर थांबवून जुळवता येते, मागे पडलेले गाडी चुकवते.

बीट एरर घरी सुधारता येतो का?

स्टडची दांडी सरकती असेल तर येतो. तीच वरची काळजी, तेवढीच कंजूष हालचाल, आणि नंतर वेग पुन्हा लावायचा. पण साधारण १९६० च्या आधीच्या बऱ्याच घड्याळांत स्टड पुलात पक्का असतो. तिथे बॅलन्स काढून हेअरस्प्रिंगची आतली कडी आसावर फिरवावी लागते. घरी करू नका. २ मिलिसेकंदांचा बीट एरर घेऊनही घड्याळ वर्षानुवर्षे छान चालते. फिरवताना वाकलेली हेअरस्प्रिंग मात्र चालत नाही.

माझ्या घड्याळात दांडीच दिसत नाही. बॅलन्सच्या कडेला स्क्रू आहेत, ते फिरवू?

नको. दांडी नसलेल्या घड्याळांचा वेग बॅलन्सवरची वजने आत-बाहेर करून लावतात. समोरासमोरची जोडी अगदी सारखी फिरवावी लागते, नाहीतर चाकाचा तोल जातो. दांडी असलेल्या जुन्या घड्याळांतही कडेला स्क्रू असतात. ते तोलासाठी आणि तापमानाच्या भरपाईसाठी कारखान्यात बसवलेले असतात. बघून कौतुक करावे आणि झाकण लावावे.

टेबलावर बरोबर चालते, हातावर मागे पडते. असे का?

आडव्या स्थितीत बॅलन्सचा आस टोकावर टेकून फिरतो, घर्षण कमी. उभ्या स्थितीत तो कडेवर टेकतो, घर्षण वाढते, झोका घटतो आणि वेगही बदलतो. म्हणून एकाच स्थितीत मोजून वेग लावणे म्हणजे अर्धेच काम. डायल वर, डायल खाली, चावी वर, चावी खाली, चावी डावीकडे, चावी उजवीकडे अशा सहा स्थिती मोजून वहीत लिहा. मग दांडी अशी लावा की ज्या स्थितींत घड्याळ जास्त वेळ असते त्यांची सरासरी जुळेल.

आकड्यांमधला फरक बोलका असतो. डायल वर आणि डायल खाली यांत मोठी तफावत असेल तर आसाचे एखादे टोक चपटे झाले असावे किंवा त्याखालचे ज्युएल चिरले असावे. चारही उभ्या स्थिती एकमेकींपासून लांब असतील तर बॅलन्सच्या तोलावर संशय घ्या. इथे एक गंमत आहे: तोलाची चूक झोका सुमारे २२० अंश असताना वेगावर परिणामच करत नाही, आणि त्याच्या वर-खाली ती उलटसुलट दिशांना ओढते. सकाळी पूर्ण चावीवर पुढे जाणारे घड्याळ चावी उतरल्यावर त्याच स्थितीत मागे पडते, त्याचे हे एक कारण.

घरगुती तोडगा म्हणजे रात्रीची जागा. दिवसभरात १० सेकंद पुढे जात असेल तर ज्या स्थितीत ते मागे पडते त्या स्थितीत रात्री ठेवा. हत्यार न लावता हिशेब बराचसा मिटतो.

टाइमग्राफर ५ सेकंद पुढे दाखवतो, पण काटे दिवसात १० मिनिटे मागे! यंत्र खोटे बोलते का?

नाही. टाइमग्राफर फक्त बॅलन्सचा ठोका ऐकतो, काटे त्याला दिसत नाहीत. मिनिटकाटा ज्या नळीवर बसतो ती मधल्या आसावर घर्षणाने धरलेली असते. ती सैल झाली की आतले यंत्र अचूक चालते आणि काटे मागे राहतात. काटे जुळवताना चावी लोण्यासारखी हलकी फिरत असेल तर हेच. रेग्युलेटर कितीही सरकवला तरी हे सुधारणार नाही. नळी घट्ट करून घ्यावी लागते, आणि घड्याळजीला ते काम अवघड नाही.

झोका कमी आहे. झाकण उघडेच आहे तर थेंबभर तेल सोडू?

अजिबात नाही. शिवणयंत्राचे तेल नाही, फवाऱ्याचे तर नाहीच. घड्याळात जिथे तेल लागते तिथे ते सुईच्या टोकाएवढे लागते, आणि ठिकाणानुसार वेगळे लागते. वरून सोडलेले तेल हेअरस्प्रिंगवर पसरते, वेटोळी चिकटतात आणि घड्याळ पळू लागते. शिवाय जुन्या वाळलेल्या तेलाचा चिकटा तसाच राहतो. आधी धुणे, मग तेल, हा क्रम मोडता येत नाही.

पूर्ण चावी दिली तर स्प्रिंग तुटेल का?

हलक्या हाताने, अडेपर्यंत चावी द्या आणि अडली की थांबा. अडल्यावर जोर केला तरच नुकसान होते. अर्धवट चावीने उलट चाल बिघडते, कारण मेनस्प्रिंगचा जोर उतरतो तसा झोका कमी होतो. म्हणूनच मोजणी नेहमी पूर्ण चावीवर करा आणि एकदा २४ तासांनंतरही करा. दोन्हींतला फरक फार असेल तर मेनस्प्रिंग बसकी झाली असावी. जुन्या निळ्या पोलादी स्प्रिंगचे असे होतेच. ऑटोमॅटिकमध्ये स्प्रिंगचे टोक पिंपाच्या (स्प्रिंगच्या डबीच्या) भिंतीवर घसरते, त्यामुळे चावी अडत नाही. मोजण्याआधी तीस-चाळीस फेरे द्यावे.

उन्हाळ्या-हिवाळ्यात चाल बदलते का?

जुन्या पोलादी हेअरस्प्रिंगची लवचीकता तापमानाबरोबर बदलते. भरपाईची सोय नसेल तर दर अंशाला दिवसाला सुमारे ११ सेकंदांचा फरक पडतो. म्हणून बॅलन्सची कडा बाहेरून पितळ आणि आतून पोलाद अशी बनवून दोन ठिकाणी कापत. उष्णतेने कापलेली टोके आत वळतात आणि तूट भरून निघते. ही टोके बोटाने सहज वाकतात, त्यामुळे तिथे स्पर्श नको. शार्ल एदुआर ग्योम यांना निकेल-पोलाद मिश्रधातूंवरच्या संशोधनासाठी १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या वाटेने पुढे आलेल्या मिश्रधातूंच्या हेअरस्प्रिंगमुळे हा त्रास बहुतांशी संपला. तुमच्या घड्याळाचा बॅलन्स अखंड आणि हेअरस्प्रिंग पांढरी असेल तर ऋतूंची काळजी सोडा.

घड्याळजीकडे नेताना काय सांगू?

नुसते ‘वेळ चुकते’ म्हणू नका. वहीचे पान दाखवा: सहा स्थितींचे आकडे, पूर्ण चावीवरचे आणि २४ तासांनंतरचे. तुम्ही दांडी हलवली असेल तर तेही सांगा आणि मूळ फोटो दाखवा. डायल पॉलिश करू नये, काटे बदलू नयेत, काढलेला प्रत्येक सुटा भाग परत द्यावा, हे आधीच बोलून घ्या. घड्याळ परत आल्यावर पुन्हा आठवडाभर टिपण ठेवा. तेल नव्याने बसताना चाल थोडी सरकते, तेव्हा त्या आठवड्यात रेग्युलेटरला हात लावू नका.